जँगो रेस्ट फ्रेमवर्क रिव्ह्यू: एपीआय पटकन उभी राहते, दारं मात्र आपणच लावायची

जँगोवर (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कवर) वेबसाइट तयार आहे आणि आता मोबाइल ॲपसाठी किंवा रिॲक्टच्या फ्रंटएंडसाठी एपीआयचे एंडपॉइंट, म्हणजे ॲप जिथून डेटा मागतं-पाठवतं त्या यूआरएल, लिहायची वेळ आलीय, अशा लोकांसाठी हा रिव्ह्यू लिहितोय. डीआरएफ (जँगो रेस्ट फ्रेमवर्क, जँगोवर एपीआय बनवायचं पॅकेज) घ्यावं का फास्टएपीआय (पायथनमधलंच दुसरं एपीआय फ्रेमवर्क) घ्यावं हा प्रश्न सारखा विचारला जातो आणि उत्तरं येतात एका ओळीची, "डीआरएफ जुनं झालं" नाहीतर "डीआरएफच बेस्ट", आणि दोन्हीनं विचारणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. मी डीआरएफ भरपूर वापरलंय, मला ते मनापासून आवडतं, आणि आवडतं म्हणूनच कुठं सावध राहायचं तेही सविस्तर सांगणार आहे.

थोडं मागचं आधी. जँगो 2005 मध्ये ओपन सोर्स झालं, अमेरिकेतल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड नावाच्या वर्तमानपत्राच्या वेब टीममध्ये ते तयार झालेलं, म्हणजे मुळात एचटीएमएलची पानं बनवणारं फ्रेमवर्क. नुसत्या जँगोत जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या साध्या मजकुरी साच्यात) उत्तर देणारा जेसनरिस्पॉन्स आहेच, दोन-चार एंडपॉइंट त्यावर आरामात निघतात. पण पुढं मग बॉडी स्वतः पार्स करा, एकेक फील्ड तपासा, चुकीचा डेटा आला तर 400 (रिक्वेस्ट चुकीची आहे हा कोड) बरोबर काय पाठवायचं ते ठरवा, टोकन (लॉगिनची खूण) बघा, पेजिंग करा, आणि हे सगळं प्रत्येक व्ह्यूमध्ये परत परत. टॉम ख्रिस्टी यांनी 2011 च्या सुमारास सुरू केलेलं डीआरएफ नेमकं हेच काम अंगावर घेतं. 2014 मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी पैसे दिले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 3.0 आलं, आणि आजही आपण 3 च्याच मालिकेत आहोत. लायसन्स बीएसडी आहे त्यामुळे कमर्शियल कामाला काही अडचण नाही.

आता मुद्द्याचं. डीआरएफची खरी ताकद आहे त्याच्या थरांमध्ये. सगळ्यात खाली एपीआयव्ह्यू, तिथं गेट, पोस्टचे मेथड तुम्ही स्वतः लिहिता, फ्रेमवर्क फक्त पार्सिंग, ऑथेंटिकेशन, परमिशन, थ्रॉटल (किती रिक्वेस्ट चालतील याची मर्यादा) आणि एरर एवढं सांभाळतं. त्याच्या वर जेनेरिक व्ह्यू, म्हणजे लिस्टएपीआयव्ह्यू, रिट्रीव्हएपीआयव्ह्यू वगैरे. आणि सगळ्यात वर मॉडेलव्ह्यूसेट, त्यात क्वेरीसेट (डेटाबेसमधून काय काढायचं) सांगा, सिरियलायझर (डेटाची ये-जा सांभाळणारा क्लास) सांगा, यूआरएल बनवणाऱ्या राउटरमध्ये रजिस्टर करा आणि झालं, लिस्ट, एकच रेकॉर्ड, नवीन बनवणं, पूर्ण अपडेट, अर्धा अपडेट आणि डिलीट असे सहाच्या सहा प्रकार चालू. पहिल्यांदा बघणारा माणूस यावर खुश होतोच, आणि व्हावंच, कारण हेच हातानं लिहायला बराच वेळ जातो.

पण बहुतेक ट्युटोरियल इथंच थांबतात आणि माझा मतभेद इथूनच सुरू होतो. मॉडेलव्ह्यूसेट घेतला की तुमचा एंडपॉइंट म्हणजे डेटाबेस टेबलचा आरसा होतो. फ्रंटएंडला फक्त यादी आणि एक रेकॉर्ड हवं होतं, पण डिलीट पण उघडा राहिला, पुट (पूर्ण अपडेट) पण उघडा राहिला, कारण ते आपोआप आलं आणि कुणी मागितलं नव्हतं म्हणून कुणी बघितलं पण नाही. फक्त वाचायचं असेल तर रीडओन्लीमॉडेलव्ह्यूसेट आहे, तो घ्या. जेवढी कामं हवीत तेवढेच मिक्सिन (एकेका कामाचे तयार क्लास) जोडायची पण सोय आहे. माझं मत असं की सुरुवात मधल्या थरावरून करावी, जेनेरिक व्ह्यू किंवा मोजके मिक्सिन, आणि एखादा एंडपॉइंट टेबलशी जुळतच नसेल (लॉगिन, पेमेंट कन्फर्म करणं, रिपोर्ट) तर सरळ एपीआयव्ह्यूवर उतरावं. ऑर्डर कॅन्सल करण्यासारख्या गोष्टीला ॲक्शन डेकोरेटर छान आहे, त्याच व्ह्यूसेटमध्ये वेगळा मेथड लिहायचा आणि राउटर त्याची यूआरएल बनवतो. या थरांमधून वर-खाली जाताना आधीचं काही फेकून द्यावं लागत नाही, तोच सिरियलायझर, तीच परमिशन सगळीकडं चालते, आणि ही गोष्ट मला दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये इतक्या सफाईनं क्वचितच दिसली.

सिरियलायझरवर जरा थांबू, कारण एपीआय चांगली झाली का वाईट ते बहुतेक वेळा इथंच ठरतं. सिरियलायझर दोन्ही बाजूचं काम करतो, पायथनच्या ऑब्जेक्टचा बाहेर जाणारा डेटा बनवतो आणि बाहेरून आलेला डेटा तपासून आत घेतो. मॉडेलसिरियलायझर मॉडेल बघून फील्ड स्वतः तयार करतो, कमाल लांबी, युनिक, रिकामं चालेल का हे सगळं तिथूनच उचलतो. फील्ड्समध्ये 'ऑल' लिहायची सोय आहे, आणि माझी कळकळीची विनंती आहे की ती वापरू नका. आज टेबलात नाव, ईमेल, फोन आहे म्हणून ऑल चालून जातं, पुढं कुणीतरी आतल्या टीमसाठी शेऱ्याचा एक कॉलम वाढवतो आणि त्या दिवसापासून तो शेरा एपीआयमधून जगाला दिसायला लागतो, एंडपॉइंटच्या कोडला कुणी हात लावलेला नसताना. फ्रेमवर्कनं फील्ड्स किंवा एक्सक्लूड यातलं एक लिहिणं सक्तीचं केलंय ते चांगलंच केलं, पण ऑल हा शब्द ठेवलाय तोवर ही वाट उघडीच आहे. नावं एकेक लिहा. टायपिंग वाढतं, वाढू दे.

दुसरं म्हणजे वाचायचा आणि लिहायचा सिरियलायझर वेगळा ठेवा. ऑर्डर दाखवताना ग्राहकाचं नाव, आयटमची यादी, एकूण रक्कम सगळं हवं असतं, पण ऑर्डर घेताना फक्त आयटमचे आयडी आणि संख्या, रक्कम क्लायंटकडून घ्यायचीच नसते. हे एकाच क्लासमध्ये रीड ओन्ली आणि राइट ओन्लीच्या कसरती करून बसवता येतं, पण पुढच्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. गेट सिरियलायझर क्लास हा मेथड ओव्हरराइड करून ॲक्शनप्रमाणे क्लास बदलायचा, एवढंच.

नेस्टेड डेटा लिहिण्याबद्दल तक्रारी खूप ऐकू येतात. ऑर्डरच्या आत आयटमची यादी पाठवली आणि क्रिएट मेथड स्वतः लिहिलेला नसला तर डीआरएफ सरळ एरर देतं, की नेस्टेड फील्ड लिहिणं डिफॉल्टनं जमत नाही, तुम्ही लिहा. लोकांना हा अपुरेपणा वाटतो, मला ते योग्य वाटतं. अपडेटमध्ये तीन आयटम आले आणि डेटाबेसमध्ये पाच आहेत तर उरलेले दोन उडवायचे का तसेच ठेवायचे, हे फ्रेमवर्कला कसं कळणार? ते धंद्याचं लॉजिक आहे, ते आपणच लिहायचं, आणि ॲटॉमिक ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं सेव्ह होतं नाहीतर काहीच नाही) लिहायचं म्हणजे अर्धवट ऑर्डर सेव्ह होऊन बसणार नाही.

अजून काही बारीक गोष्टी ज्या माहिती असलेल्या बऱ्या. मॉडेलवर तुम्ही क्लीन मेथड लिहिला असेल तर 3.0 पासून सिरियलायझर तो आपोआप बोलवत नाही. ॲडमिनमध्ये व्हॅलिडेशन लागतं आणि एपीआयमध्ये लागत नाही असं दिसलं तर कारण हेच. डेसिमल फील्ड जेसनमध्ये डिफॉल्टनं स्ट्रिंग म्हणून जाते, फ्रंटएंडवाले यावर वैतागतात, पण पैशाचा आकडा जावास्क्रिप्टच्या फ्लोटमध्ये घालून पैशाची गडबड करण्यापेक्षा स्ट्रिंगच बरी, हे सेटिंग बदलू नका असं मी म्हणेन. आणि मॉडेलवर दोन फील्ड मिळून युनिक असतील तर सिरियलायझर त्या दोन्ही फील्ड सहसा सक्तीच्या करतो, कोडमध्ये कुठंच रिक्वायर्ड दिसत नसतानाही.

स्पीडचं बोलायचं तर डीआरएफ स्लो आहे असं जे म्हणतात त्यातल्या बऱ्याच वेळा दोष क्वेरीचा असतो. यादीतल्या प्रत्येक ऑर्डरसोबत ग्राहकाचं नाव दाखवलं आणि क्वेरीसेट साधा ठेवला की शंभर ऑर्डरला एक अधिक शंभर क्वेऱ्या. सिरियलायझरमध्ये नुसतं सोर्स म्हणून फील्ड लिहिलेली असते त्यामुळे वाचताना त्यामागं एक क्वेरी दडलीय हे दिसत नाही. फॉरेन कीसाठी (दुसऱ्या टेबलातल्या एका रेकॉर्डशी नातं) सिलेक्ट रिलेटेड, उलट्या आणि मेनी टू मेनी नात्यांसाठी प्रीफेच रिलेटेड, हे क्वेरीसेटवर लावलं की त्या शंभराच्या दोन-तीन होतात. सिरियलायझर मेथड फील्डमध्ये तर अजून जपा, तिथं लोक फिल्टर लिहितात, आणि फिल्टर लिहिला की आधीचं प्रीफेच कामाला येत नाही, नवीन क्वेरी जाते. हे सगळं करूनही हजारो ओळी एकदम पाठवायच्या असतील तर सिरियलायझरचा स्वतःचा वेळ जाणवतो, तिथं क्वेरीसेटचा व्हॅल्यूज (ऑब्जेक्टऐवजी साध्या डिक्शनरी देणारा मेथड) घेऊन थेट रिस्पॉन्समध्ये द्या, काही बिघडत नाही.

आता दारं, म्हणजे एपीआयची सुरक्षा. डीआरएफची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे की डिफॉल्ट परमिशन अलाउ एनी आहे, म्हणजे सेटिंगमध्ये काहीच लिहिलं नाही तर एंडपॉइंट सगळ्यांना खुला. शिकताना हे सोयीचं आहे पण खऱ्या प्रोजेक्टमध्ये पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये डिफॉल्ट परमिशन इज ऑथेंटिकेटेड करून टाका आणि जो एंडपॉइंट खरंच पब्लिक आहे त्यावरच अलाउ एनी हातानं लिहा. मग कोड रिव्ह्यूमध्ये तो शब्द दिसला की विचारता येतं, हा का उघडा ठेवलाय.

याहून फसवी गोष्ट ऑब्जेक्टच्या परमिशनची. हॅज ऑब्जेक्ट परमिशन हा मेथड लिहिला की आपण सुरक्षित झालो असं वाटतं, पण तो एका रेकॉर्डलाच लागतो, यादीला लागत नाही, आणि नवीन बनवताना पण लागत नाही कारण तेव्हा ऑब्जेक्टच नसतो. शिवाय तो फ्रेमवर्कच्या गेट ऑब्जेक्टमधून बोलावला जातो, तुम्ही तो मेथड स्वतः लिहिला किंवा साध्या एपीआयव्ह्यूमध्ये रेकॉर्ड स्वतःच काढलं तर चेक ऑब्जेक्ट परमिशन्स तुम्हालाच बोलवावा लागतो, विसरलात तर कुठलीही एरर येत नाही, नुसती दुसऱ्याची ऑर्डर दिसते. म्हणून मी तरी भरवसा क्वेरीसेटवर ठेवतो, गेट क्वेरीसेटमध्येच लॉगिन असलेल्या युजरच्या ऑर्डर फिल्टर करायच्या, म्हणजे यादीत पण त्याच्याच येतात आणि दुसऱ्याचा आयडी टाकला तर 404 येतो, तसा आयडी आहे की नाही हे पण कळत नाही.

401 (ओळख पटली नाही) आणि 403 (परवानगी नाही) चा घोळ पण सांगतो, मोबाइलवाल्यांचा यात फार वेळ जातो. टोकन नसेल तर 401 यावा असं सगळ्यांना वाटतं, पण डीआरएफमध्ये ते ऑथेंटिकेशन क्लासच्या यादीत पहिला कोण आहे त्यावर ठरतं, आणि डिफॉल्टमध्ये सेशन ऑथेंटिकेशन (ब्राउझरच्या कुकीवरचं लॉगिन) पहिलं आहे, त्यामुळे 403 येतो. ॲप 401 ची वाट बघत बसतं आणि लॉगिन स्क्रीन काही उघडत नाही. टोकनचा क्लास यादीत वर घ्या, सुटतं.

सोबत येणारं टोकन ऑथेंटिकेशन एकदम साधं आहे, एका युजरला एक टोकन, एक्स्पायरी नाही, डेटाबेसमध्ये जसंच्या तसं ठेवलेलं. आतल्या स्क्रिप्टसाठी ठीक. लोकांच्या फोनमध्ये जाणार असेल तर एका फोनवरून लॉगआउट केल्यावर बाकीचे फोन पण बाहेर पडतात कारण टोकन एकच. नॉक्स हे पॅकेज प्रत्येक लॉगिनला वेगळं टोकन देतं आणि हॅश करून ठेवतं, किंवा जेडब्ल्यूटी (सर्व्हरनं सही केलेलं टोकन) हवं असेल तर सिंपल जेडब्ल्यूटी आहे. थ्रॉटलिंग पण आहे, लिमिट ओलांडली की 429, पण ते जँगोच्या कॅशवर चालतं आणि डिफॉल्ट कॅश प्रत्येक प्रोसेसची वेगळी असते, म्हणजे चार वर्कर चालू असतील तर लिमिट जवळजवळ चौपट. रेडिस किंवा मेमकॅश्डसारखी सगळ्या वर्करना मिळून एकच कॅश लावा. आणि पासवर्डवर हल्ला रोखायला यावर विसंबू नका, त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय.

पेजिंग डिफॉल्टनं बंद असतं. टेबल लहान असताना कळत नाही. पेज नंबर पेजिनेशन चालू केलं की प्रत्येक वेळी एकूण किती हे मोजायला काउंटची क्वेरी जाते, मोठ्या टेबलवर कधी कधी मूळ डेटापेक्षा तीच महाग पडते. सतत स्क्रोल होणाऱ्या यादीला कर्सर पेजिनेशन घ्या, त्यात एकूण आकडा नसतो आणि थेट सातव्या पानावर उडी मारता येत नाही, पण खोलवर गेलं तरी वेग तसाच राहतो आणि मध्ये नवीन ओळी आल्या म्हणून तीच ओळ दोनदा दिसत नाही.

ब्राउजेबल एपीआयचं कौतुक केल्याशिवाय पुढं जाणं अन्यायाचं होईल. एंडपॉइंटची यूआरएल ब्राउझरमध्ये उघडली की नीट मांडलेला जेसन, खाली पोस्टचा फॉर्म, वर लॉगिन, सगळं फुकट. नवीन माणसाला एपीआय दाखवायला यापेक्षा सोपी गोष्ट नाही. फक्त फॉरेन की असेल तर फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन बनतो आणि त्या टेबलात लाखभर ओळी असतील तर पान लोड व्हायला फार वेळ लागतो. प्रॉडक्शनमध्ये रेंडरर (उत्तर कोणत्या रूपात द्यायचं ते ठरवणारा भाग) फक्त जेसन ठेवा.

शेवटच्या स्लॅशचा त्रास जँगोकडून वारशानं आलाय. डिफॉल्ट राउटरच्या यूआरएल स्लॅशनं संपतात, क्लायंटनं स्लॅशशिवाय पोस्ट केलं तर डीबगमध्ये स्पष्ट एरर येते पण प्रॉडक्शनमध्ये 301 (दुसऱ्या यूआरएलवर जा असा रिडायरेक्ट) जातो, मग बरेच क्लायंट त्यावर गेट पाठवतात, बॉडी गायब, आणि वर 200 येऊन यादी दिसते त्यामुळे सगळं चाललंय असं वाटतं. टीमनं सुरुवातीलाच एक ठरवावं, राउटरला ट्रेलिंग स्लॅश बंद करायचा पर्याय देता येतो.

एररचा साचा मला फारसा पटत नाही. फील्डच्या चुका एका आकारात येतात, लॉगिनच्या चुका डिटेल नावाच्या किल्लीत, आणि दोन फील्ड मिळून चूक असेल तर नॉन फील्ड एरर्समध्ये. फ्रंटएंडला तीन प्रकार सांभाळावे लागतात. एक्सेप्शन हँडलर स्वतःचा लिहून एकच आकार देता येतो आणि ते काम पहिल्या रिलीजच्या आधीच उरकावं, नंतर बदललं तर जुनी ॲप्स तुटतात.

ओपन एपीआयच्या (एपीआयचं वर्णन करायचा ठरलेला साचा) डॉक्युमेंटसाठी डीआरएफमधलं स्वतःचं स्कीमा जनरेशन आता मागं पडलंय, अधिकृत डॉक्युमेंटेशन पण डीआरएफ स्पेक्टॅक्युलरकडं पाठवतं. ते पॅकेज चांगलं आहे, पण साध्या एपीआयव्ह्यूमध्ये काय येतं-जातं ते त्याला आपोआप कळत नाही, एक्स्टेंड स्कीमा लावून सांगावं लागतं.

याच बाबतीत फास्टएपीआय सरळ पुढं आहे, टाइप हिंट (कुठला डेटा कोणत्या प्रकारचा हे कोडमध्ये सांगणं) लिहिल्या की व्हॅलिडेशन आणि डॉक्युमेंट दोन्ही तिथूनच निघतात, आणि असिंक (एका कामाची वाट बघताना दुसरं काम करणं) तर त्याच्या पायातच आहे. जँगोत 3.1 पासून म्हणजे 2020 पासून असिंक व्ह्यू आहेत पण डीआरएफचे व्ह्यू अजून सिंकच आहेत, बाहेरची पॅकेजेस आहेत पण ती मूळ फ्रेमवर्कचा भाग नाहीत. तुमचा एंडपॉइंट दहा बाहेरच्या सर्व्हिसना कॉल करून उत्तर जमवत असेल किंवा स्ट्रीमिंग करत असेल तर डीआरएफ घेऊ नका. जँगोचं ओआरएम (पायथनमधून डेटाबेसशी बोलणारा भाग) ठेवून टाइप हिंटवाली पद्धत हवी असेल तर जँगो निंजा बघा. पण डेटा जँगोच्या मॉडेलमध्ये आहे, युजर, ग्रुप, ॲडमिन सगळं तिथंच आहे आणि काम मुख्यतः वाचणं, तपासणं, लिहिणं हे आहे, तर मी आजही विचार न करता डीआरएफच घेईन.

"नवीन काही येत नाही" ही तक्रार खरी आहे, टीमनंच म्हटलंय की फ्रेमवर्क फीचरच्या दृष्टीनं जवळजवळ पूर्ण झालंय. मला हे आवडतं, एपीआय वर्षानुवर्षं चालवायची असते. अपग्रेड तरीही डोळे मिटून करू नका, मार्च 2024 मध्ये 3.15 आलं आणि त्यातले काही बदल मागं घेणारं 3.15.1 लगेच पाठोपाठ आलं. व्हर्जन पिन करा (ठरावीकच ठेवा), रिलीज नोट्स वाचा, आणि टेस्ट असू द्या. टेस्टची सोय उत्तम आहे, एपीआय टेस्ट केस आणि फोर्स ऑथेंटिकेटनं कुठलाही युजर बनून रिक्वेस्ट मारता येते. प्रत्येक एंडपॉइंटला निदान तीन टेस्ट हव्यातच, लॉगिनशिवाय काय येतं, दुसऱ्या युजरचा आयडी टाकला तर काय येतं, आणि असर्ट नंबर क्वेरीज लावून यादीला किती क्वेऱ्या जातात. ही तिसरी टेस्ट यादीत दोन ओळी टाकून एकदा आणि वीस टाकून एकदा चालवा, आकडा तोच यायला हवा.